तळघरातला संशयित इसम

“अरे, हा तूच आहेस,” सुभेदार म्हणाला.

गरुडाने आधी सुभेदाराकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा सुभेदाराकडे. सकाळी सकाळी थट्टा करायची सुभेदाराची सवय नव्हती. पडद्यावर कालची संध्याकाळ होती, तळघरातल्या गोदामाचा बोळ होता आणि त्या बोळातून एक इसम चालला होता. पोट पुढे, त्याच्या मागून नाइलाजाने आल्यासारखा बाकीचा देह, पाय फाकलेले, एक हात भिंतीला. दर दाराशी थांबून तो दाराला जवळजवळ नाक लावत होता, काहीतरी हुंगत होता आणि पुढे सरकत होता. दुसऱ्या हातात काळं काहीतरी. गेला अर्धा तास गरुडाच्या छातीत या इसमाने ढोल वाजवला होता. दुकानातल्या एकूण एक माणसाला तो ओळखत होता आणि हा त्यांतला नव्हता, हे तो कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगायला तयार होता. “मी?” तो म्हणाला. “हा? अरे, याच्या हातात हत्यार आहे!” “वायरलेस आहे,” सुभेदार म्हणाला, “आत्ता तुझ्या मांडीवर आहे तोच.” गरुडाने मांडीवर हात ठेवून पाहिला. वायरलेस होता. मग त्याला आठवलं, काल आपल्या मजल्यावरच्या संडासात गवंडी बसले होते म्हणून आपण खाली गेलो होतो, दारांवरच्या पाट्या वाचत वाचत. पण आपण गेलो होतो ते असे नव्हे. आपण गेलो होतो ते आपल्यासारखे, म्हणजे सडपातळ, भरभर, एका दमात. पडद्यावर हा कोणीतरी दुसराच गेला होता.

गरुड हे त्याचं नाव पुष्कळ जुनं. पाच मजल्यांच्या या दुकानात कॅमेरे बसवले त्या वर्षी, कपड्यांच्या मजल्यावर एका बाईने तीन चादरी लुगड्यात कशा लपवल्या ते त्याने पडद्यावर टिपलं होतं, तेव्हापासून. तेव्हा त्याची नजर खरोखरच तशी होती. पुढे नजर गेली आणि नाव राहिलं, जसं विहीर बुजवल्यावरही वाडीला विहिरीचंच नाव राहतं. खिडकी नसलेली ही खोली, भिंतभर पडदे आणि मधोमध चाकांची खुर्ची. खुर्ची चांगली होती, हाच घात झाला. चाकं होती म्हणून पाण्याच्या माठापर्यंत बसल्या बसल्या जाता यायचं, दाराची कडी बसल्या बसल्या काढता यायची, आणि एकदा तर साहेबांना सलामसुद्धा त्याने खुर्चीवरूनच, टाचेने जमीन रेटत पुढे जाऊन केला होता. घरी पलंग, बसथांब्यावर बाक, बसमध्ये सीट, इथे खुर्ची, घरी पुन्हा पलंग. देवाने माणसाला पाय दिले ते चपला विकल्या जाव्यात म्हणून, असं तो गमतीने म्हणायचा, आणि चपलांच्या मजल्यावरचे लोक हसायचे.

आणि डोळे. डोळे कधी गेले हे त्याला सांगता आलं नसतं, कारण ते एका दिवशी गेलेच नाहीत. उन्हाळ्यात माठातलं पाणी उतरावं तसे उतरत गेले. आधी पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ दिसेनाशी झाली, त्याने ती मनगटावर बघायला सुरुवात केली. मग मनगटावरची दिसेना, तेव्हा तो सुभेदाराला “काय रे, किती वाजले असतील असं तुला वाटतं?” असं विचारू लागला, जणू सुभेदाराचा अंदाज तपासतोय. मग चेहरे गेले. तोवर चाली मात्र त्याच्या डोळ्यांत अशा मुरल्या होत्या की चेहऱ्यांवाचून त्याचं काहीच अडलं नाही. भांड्यांच्या मजल्यावरचा विक्रेता डावा पाय ओढतो. कापडवाली बाई चालताना मान आधी पुढे पाठवते. झाडूवाला दर चार पावलांनी कंबर धरतो. साहेब टाचा आपटत येतात. पडद्यावर चिमटीएवढा करडा ठिपका हलला की गरुड म्हणणार, “कापडवाली निघाली जेवायला,” आणि ती खरंच निघालेली असणार. लोक तोंडात बोटं घालायचे. त्याला स्वतःलाही वाटायचं, आपल्याला लोक दिसतात. ज्याची चाल त्याला पाठ नाही तो गिऱ्हाईक, आणि गोदामात गिऱ्हाईक असेल तर तो चोर, इतका सोपा हिशेब होता. सगळ्या दुकानात एकच चाल अशी होती की जी त्याने जन्मात पाहिली नव्हती. स्वतःची चाल बघायला माणूस जाणार कुठे?

चष्मा घ्यावा असं वाटलं नव्हतं असं नाही. पण या खोलीतून एक माणूस आधी गेला होता. दुसऱ्या पाळीचा. त्याने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे चष्मा लावला आणि पुढच्याच आठवड्यात त्याची रवानगी पिशव्या सांभाळायच्या खिडकीवर झाली, दिवसभर उभ्याने. ‘नजर कमजोर’ म्हणाले साहेब. चष्मा लावला म्हणून नजर कमजोर, नाही लावला म्हणून गरुड. असा न्याय असल्यावर कोण शहाणा डोळ्यांवर काच चढवील? दर वर्षी डोळे तपासायला डॉक्टर येत, तेव्हा गरुड मुद्दाम रांगेत मागे राही आणि पुढच्या लोकांनी मोठ्याने वाचलेली अक्षरं ऐकून ऐकून पाठ करी. मागच्या वर्षी डॉक्टरांची तक्त्याची गुंडाळी अजून सुटत होती आणि याने शेवटची बारीक ओळसुद्धा खाडखाड म्हणून टाकली होती. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, गुंडाळीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि “उत्तम” असं म्हणून सही केली. डॉक्टरांनाही जेवायला जायचं होतं.

फक्त बायकोला फसवता आलं नव्हतं. ती त्याला पायांच्या आवाजावरून ओळखते तसा तोही तिला आवाजावरूनच ओळखतो, चेहऱ्यावरून नाही, हे तिला कळलं होतं, आणि त्याचा तिला राग होता. एकदा ती न्हाणीघरात घसरली, कपाळाला टाके पडले, पट्टी आली. चार दिवसांनी हा जेवताना म्हणाला, “आज तू कुंकू जरा मोठं लावलंयस का?” ती ताट पुढे सरकवून उठूनच गेली. नंतर रडली नाही, ओरडली नाही, एवढंच म्हणाली, “लग्नाआधी तुम्ही इतके भरभर चालायचात की मला मागून पळावं लागायचं. तेव्हा दर वळणावर थांबून मागे बघायचात तरी.” तेव्हा तो दारोदार ब्रश विकायचा. पायांना भोवरा होता. उन्हात गल्ल्याच्या गल्ल्या तुडवायचा, आणि लांबून येणाऱ्या माणसाचा चेहरा बघून हा ब्रश घेणार की दार आपटणार ते सांगायचा. मनातल्या मनात तो अजून तोच होता. आत्ता या क्षणीसुद्धा, पडद्यावर तो पोटवाला इसम एका दाराशी नाक लावून थबकलेला असताना, खुर्चीत बसलेला तो ब्रशवालाच त्याच्याकडे संशयाने बघत होता.

“बरं, झालं ते झालं,” सुभेदार म्हणाला. सुभेदार म्हणजे दुकानाच्या पहारेकऱ्यांचा मुख्य. फौजेत तो कधीच नव्हता, पण मिशी आणि आवाज फौजेतला होता. दोघं एकमेकांना अरेतुरे करत, साहेबांसमोर मात्र अहोजाहो. “पुसून टाक ते चित्र. कुणाला सांगितलं नाहीस ना?” गरुड वायरलेसची कळ उगाच पुसू लागला. “गरुडा?” “सांगितलं,” गरुड म्हणाला, “साहेबांना. आणि वायरलेसवरून सगळ्या दरवाजांना.” “काय सांगितलंस?” “वर्णन.” “काय वर्णन?” गरुडाने ते खालमानेने पुन्हा सांगितलं. वय पन्नाशीच्या पुढे. पोट सुटलेलं. पाय फाकवून चालतो. दम लागतो. वस्तू नाकाशी नेऊन बघतो. हातात हत्यार असण्याची शक्यता. दिसल्यास सोडू नये. सुभेदाराने मिशीवरून हात फिरवला. “हत्यार सोडलं तर,” तो म्हणाला, “आपल्या गावात या वर्णनात न बसणारा माणूस राहिलाय कोण?”

तेवढ्यात वायरलेस खरखरला आणि दरवाजावरच्या पहारेकऱ्याचा आवाज अभिमानाने म्हणाला की इसम सापडला आहे. पाठोपाठ मागच्या दरवाजाने सांगितलं की त्यांनाही सापडला आहे. मग जिन्याजवळच्याने सांगितलं की त्याच्याकडे दोन आहेत. त्यांतला एक किमतीची चिठ्ठी पापणीला लावून वाचत होता आणि दुसरा त्याला वाचून दाखवायचा प्रयत्न करत होता. गरुडाच्या पोटात खड्डा पडला. पोट मोठं असल्याने खड्डाही चांगला ऐसपैस पडला. “नोकरी गेली,” तो पुटपुटला. नोकरी म्हणजे त्याला पगार आठवला नाही, खुर्ची आठवली. तिच्या पाठीला त्याच्या पाठीचा आकार आला होता. ती गेली की पिशव्यांची खिडकी, दिवसभर उभं राहायचं, आणि येणारी-जाणारी माणसं म्हणणार, हा बघा आपला गरुड. “गप्प राहा,” सुभेदार हळूच म्हणाला. “कोणीच नाही यांतला, एवढंच म्हण. साहेब चार दिवसांत विसरतील.” बाहेर टाचा वाजल्या.

साहेब आले आणि त्यांच्या मागून इसम आले. सहा-सात तरी असावेत. खोलीत मावेनात म्हणून काही दारात अडकले. सगळे एका मजल्याचा जिना चढून आले होते आणि सगळ्यांना धाप लागली होती, त्यामुळे थोडा वेळ कुणालाच बोलता आलं नाही. खोलीत लोहाराच्या भात्यासारखा आवाज भरून राहिला. मग एकदम सगळेच बोलायला लागले. एक मुख्याध्यापक होते, त्यांचा आवाजच सांगत होता. एक बँकेत रोखपाल होता. एक तिकीटखिडकीवर बसणारा होता, एक कचेरीत टंकलेखक. एकजण नुसताच “मी कोण आहे माहीत आहे का?” असं विचारत होता आणि ते खरंच कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं की ते मालकांचे मेहुणे आहेत. साहेबांच्या टाचा जागच्या जागी आपटल्या. “बसायला काही मिळेल का?” रोखपाल म्हणाला, आणि त्या एका प्रश्नावर सगळ्यांचं एकमत झालं. सगळे खोलीत खुर्ची शोधू लागले. खुर्ची एकच होती आणि तिच्यात गरुड होता.

“ओळखा,” साहेब म्हणाले.

गरुडाने डोळे बारीक केले. समोर पिठाच्या गोळ्यांची ओळ होती. काही गोळे गोरे, काही सावळे, सगळ्यांच्या वर धुकं. त्यांतले दोन गोळे त्याच्याकडे बघायला पुढे वाकले आणि त्यांनीही डोळे बारीक केले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपणही त्यांना गोळाच दिसतोय. त्याला एकदम हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं. यांच्यापैकी प्रत्येकाच्या मनात एकेक सडपातळ माणूस बसलेला असणार, त्याला वाटलं. मुख्याध्यापक अजून मैदानावर शिट्टी वाजवत असतील, टंकलेखक कुठल्यातरी टेकडीवर चढत असेल. खाली गेल्यावर यांना कुणी तळघरातलं चित्र दाखवलं तर सगळेच म्हणतील, हा मी नव्हे, शेजारचा असेल. “यांतला कोणी नाही,” तो म्हणाला. सुभेदाराने सुटकेचा श्वास टाकला, तो स्पष्ट ऐकू आला.

“नाही कसा?” साहेब म्हणाले. “नीट बघा. माझा संशय या कोपऱ्यातल्यावर आहे. बाकीच्यांनी निदान नावं तरी सांगितली. हा एक शब्द बोलत नाही, आणि येताना दाराच्या उंबऱ्यावर दोनदा अडखळला. गोदामात टेहळणी करायला आला असणार. मेहुणेसाहेब, आपण बसा. याला मी ठेवून घेतो आणि पोलिसांना बोलावतो.” कोपऱ्यातून आवाज आला तो इतका साधा होता की बाकीचे गप्प झाले. “साहेब, मी शिंपी आहे. मला दिसत नाही नीट, म्हणून अडखळलो. यंत्रावर बसून बसून पायही गेले आणि डोळेही. दोरा ओवायला बायको लागते. इथे सुया घ्यायला आलो होतो, मोठ्या भोकाच्या.” एवढंच. त्यात रडगाणं नव्हतं. भाव विचारावा तसं त्याने ते सांगून टाकलं. जे वाक्य गरुडाने इतकी वर्षं छातीत कोंडून ठेवलं होतं, ज्याच्यासाठी अक्षरं पाठ केली, घड्याळाचे अंदाज विचारले, बायकोच्या कपाळाकडे बघितलं नाही, ते या माणसाने अनोळखी लोकांत उभ्या उभ्या म्हणून टाकलं होतं. आणि छप्पर कोसळलं नव्हतं. पण पोलिसांना आता खरंच फोन लागणार होता. गरुडाला स्वतःची लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा थोडा हेवाच जास्त वाटला.

“साहेब, त्याला सोडा,” तो म्हणाला. “तो मी आहे.”

“कोण तुम्ही?”

“पडद्यावरचा. तळघरातला. काल संडास शोधत होतो. मला दिसत नाही.”

साहेब मोठ्याने हसले. मेहुणेही हसले, कारण साहेब हसले होते. “गरुड,” साहेब म्हणाले, “गरिबाची दया येते हे ठीक आहे. पण थाप मारायची तर जरा पटेल अशी मारा. तुमच्या डोळ्यांवर हे अख्खं दुकान चालतं. आणि तळघरात? तुम्ही? अहो, मी इथे आल्यापासून तुम्हाला कधी उभं पाहिलेलं नाही! तुम्हाला पाय आहेत हेही मी ऐकूनच आहे.” यावर सुभेदारसुद्धा हसला आणि मग ओशाळला. गरुडाला वाटलं, झालं. सांगून टाकलं आणि काहीच घडलं नाही. खुर्ची अजून त्याच्या खाली होती, आत्ता नुसतं “थट्टा केली साहेब” म्हटलं की जन्मभर खालीच राहणार होती. वेळ काढायला त्याने माठाकडे सरकावं तसं टाचेने रेटलं. कुठल्यातरी गोळ्याच्या पायाला चाक लागलं आणि “आई गं” असा शिंप्याचा आवाज आला. मग गरुडाने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले आणि तो उठला. उठणं एका झटक्यात झालं नाही. आधी पोट उठलं, मग बाकीचा. “बसा,” तो शिंप्याला म्हणाला, आणि वायरलेस घेऊन बाहेर पडला.

जिना उतरताना त्याला आपले गुडघे ऐकू आले. यांचा आवाज इतका येतो हे त्याला माहीत नव्हतं, कारण गुडघे दुखले की तो बसायचा आणि बसला की ते गप्प व्हायचे. तळघराचा बोळ पडद्यावर बोटाएवढा दिसायचा, प्रत्यक्षात तो संपेना. गरुडाने मुद्दाम भरभर चालायचा प्रयत्न केला, ब्रशवाल्यासारखा, निदान साहेबांना दिसावं म्हणून. पण दहा पावलांत पाय आपोआप फाकले, हात आपोआप भिंतीला गेला. भिंत गार होती. त्याच्या लक्षात आलं की भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळका पट्टा आहे, हाताच्या घामाचा, आणि तो एकट्याचा असणं शक्य नाही. गोदामातली सगळीच माणसं इथून अशीच धरून धरून जात असली पाहिजेत. पहिल्या दाराशी तो थांबला आणि पाटीला नाक लावलं. या वेळी नाटक करायचं होतं, पण नाटक करायची गरज पडली नाही. नाक लावल्यावाचून पाटी त्याला खरंच दिसत नव्हती.

हातातला वायरलेस किंचाळला. “तोच! तोच तो आलाय! सुभेदार, पकडा त्याला, पळून जाईल!” साहेबांच्या आवाजात असा आनंद त्याने कधी ऐकला नव्हता. साहेबांच्या मागून सुभेदाराचा आवाज आला, “पकडतो साहेब, पण घाई नाही. तो पळायचा नाही.” मग वायरलेस नुसताच खरखरत राहिला. वर खोलीत कुणालातरी काहीतरी कळत होतं ते त्याला इथे ऐकू येत होतं. तो बोळाच्या टोकाला गेला. तिथे गोदामाच्या चौकटीला कॅमेरा खाली, तोंडाच्याच उंचीला बसवलेला होता. दाराच्या पाटीला नेतो तसा त्याने आपला चेहरा कॅमेऱ्याजवळ नेला, अगदी जवळ, भिंगावर श्वासाची वाफ येईल इतका. धापेने त्याचा खालचा ओठ थरथरत होता. आता वर भिंतभर आपलं तोंड दिसत असेल, त्याने विचार केला. शिंप्यालासुद्धा दिसत असेल.

“गरुड,” साहेब म्हणाले. टाचा न आपटणारा आवाज होता. “किती दिवसांपासून दिसत नाही तुम्हाला?”

गरुडाने वायरलेसची कळ दाबली आणि खरं उत्तर शोधलं. “नक्की आठवत नाही, साहेब,” तो म्हणाला. “पण तुमचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.”

मग साहेबांच्या मागे कुणीतरी हसलं, बहुतेक मुख्याध्यापक, मग रोखपाल, मग सगळेच. सहा-सात धापा लागलेल्या माणसांचं ते हसणं वायरलेसमधून खरखरत बोळभर पसरलं. ते थांबल्यावर साहेबांचा आवाज आला. “आज घरी जाताना चष्म्याच्या दुकानात जा,” ते म्हणाले. “चालत जा. उद्या या खुर्चीवर कोण बसतं ते उद्या बघू.” थोडं थांबून, जरा अडखळत ते म्हणाले, “आणि आधी वर या. जवळून बघून घ्या एकदा.”

गरुड जिना चढू लागला. पहिल्या वळणावर त्याला थांबावं लागलं, आणि थांबल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. कठड्याला धरून त्याने दम घेतला आणि पुढच्या पायऱ्या चढायला लागला.